संधिवाताच्या गोळ्या मधेच का सोडल्या जातात?

रानजाई

आईला (वय ६१, मुक्काम सातारा) रुमटॉइड आर्थ्रायटिस आहे. वयाबरोबर गुडघे झिजतात तो नव्हे. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, तो. निदान वेळेत झालं, डॉक्टर चांगले आहेत, औषधं लागूही पडतात. पण बरं वाटायला लागलं की ती मेथोट्रेक्सेट, म्हणजे आठवड्यातून एकदा घ्यायची मुख्य गोळी, बंद करते. कोणाला सांगत नाही. काही आठवड्यांनी सकाळी मूठ वळेनाशी होते, मनगटं सुजतात आणि फोनवर "हवा बदलली ना, म्हणून" एवढंच कानावर येतं. दुखण्याची गोळी मात्र एकदाही चुकत नाही.

मी पुण्यात, भाऊ बंगळुरात. रोज फोन करून "घेतलीस का?" विचारणं मलाही नको झालंय आणि तिलाही. तिला दटावायचं नाहीये. आयुष्यभर पोस्टात नोकरी केली, हिशेबात पैशाची चूक नाही. मग ह्याच गोळीच्या बाबतीत असं का होतं? ज्यांना स्वतःला हा आजार आहे किंवा घरात आहे, त्यांनी कृपया लिहा. औषध घ्यायला हवं हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते का घेतलं जात नाही, ते सांगा.

कोकणकडा

वाचतोय. बाबांना आहे. बायकांना दोन-तीन पट जास्त होतो म्हणतात, पण पुरुषही सुटत नाहीत.

शिस्तप्रिय

जेवण चुकतं का कधी? आंघोळ? मग आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी कशी काय चुकते? मोबाईलवर गजर लावा, संपला विषय. आपल्याकडे आजाराचं फार कौतुक होतं.

अबोली_सोलापूर

@शिस्तप्रिय, गजर विसरणाऱ्यांसाठी असतो. मी कधीच विसरले नाही. मला गोळीचा वार चार दिवस आधीपासून आठवायचा.

विशीच्या शेवटी निदान झालं. गोळी शनिवारी रात्री. म्हणजे रविवारी घर जागं व्हायचं आणि मी पालथी. मळमळ अशी की फोडणीचा वास आला तरी उठून बाहेर जावं लागे. उलटी होऊन मोकळं झालं तर निदान बरं वाटेल, तर तीही होत नाही. पुढे पुढे तर गोळीचं पाकीट नुसतं हातात घेतलं तरी तोंडाला पाणी सुटायचं, गोळी पोटात जायच्या आधीच. नवरा म्हणायचा, एवढीशी गोळी, पटकन गिळ. एवढीशीच असते ती, पण पुढचा अख्खा दिवस तिचा.

हे मी डॉक्टरांना कित्येक महिने सांगितलंच नव्हतं, कारण ते विचारायचे "सांधे कसे आहेत?" सांधे ठीक होते. शेवटी एकदा आत जाण्याआधी वजन घेणाऱ्या सिस्टरने विचारलं, "गोळीच्या दुसऱ्या दिवशी कसं वाटतं हो?" आणि मी तिथेच रडले. त्या दिवशी तेच औषध इंजेक्शनमधून सुरू झालं. पोटाच्या कातडीखाली, स्वतःच टोचून घेते. मळमळ पूर्ण गेली नाही, पण रविवार परत मिळाला.

रानजाई, आईला "घेतलीस का" विचारण्याऐवजी दुसऱ्या दिवसाबद्दल विचारून बघा.

रानजाई

अबोलीताई, हे मला सुचलंच नसतं. विचारते.

सांगलीकर_केमिस्ट

काउंटरच्या अलीकडून दिसतं ते लिहितो.

पहिलं कारण, आमचीच माणसं. मेथोट्रेक्सेट कॅन्सरमध्येही वापरतात, म्हणून चिठ्ठी बघून दुकानातला नवा पोऱ्या मोठ्याने विचारतो, "कॅन्सरचं औषध ना? कोणाला झालाय?" शेजारी गल्लीतल्या दोन बायका उभ्या. ती बाई पुन्हा त्या दुकानात येत नाही, आणि बऱ्याचदा ते औषधही घेत नाही. माझ्याकडच्या मुलांना मी सक्त ताकीद दिली आहे.

दुसरं, गोळ्या सारख्या दिसतात. माझ्याकडे येणाऱ्या एका कंपनीची मेथोट्रेक्सेट बारीक आणि पिवळी, तिचा त्रास कमी व्हावा म्हणून देतात ती फॉलिक अ‍ॅसिडही बारीक आणि पिवळी. एक आठवड्यातून एकदाच, दुसरी बाकीच्या दिवशी. अदलाबदल झाली तर साधी गोष्ट नव्हे. मेथोट्रेक्सेट रोज घेतली गेली तर तोंडभर फोड येतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरतात, जीवावर बेततं. म्हणून मी पाकिटावर मार्करने वाराचं नाव लिहितो. "आठवड्यातून १" असं नाही, सरळ "बुधवार".

तिसरं, पाकीट उघडत नाही! हे कोणीच ध्यानात घेत नाही. बोटांचे सांधे सुजलेल्या माणसाने अंगठ्याने दाबून फॉइलमधून गोळी काढायची. सकाळी सहाला, जेव्हा हात सगळ्यात जास्त आखडलेले असतात. एक आजी मला म्हणाल्या, "सून उठेपर्यंत थांबते, मग तिच्या घाईत राहून जातं." फॉलिक अ‍ॅसिड आणि बाकीच्या रोजच्या गोळ्या मी त्यांना वाराच्या खणांच्या डबीत भरून देतो. झाकण सैल असलेली डबी निवडा, घट्ट झाकणाची पुन्हा तीच कथा. आणि घरात लहान मूल असेल तर ती डबी उंचावर ठेवा.

लेस्टरकर

केमिस्टदादांच्या दुसऱ्या मुद्द्यावर. इथे ब्रिटनमध्ये ह्याच चुकीमुळे माणसं दगावली आहेत, म्हणून २०२० साली इथल्या औषध नियामकाने नियम आणखी कडक केले. गोळी कोणत्या वारी घ्यायची ते रुग्णाशी बोलून ठरवायचं आणि चिठ्ठीवर त्या वाराचं पूर्ण नाव लिहायचं. रुग्णाजवळ ठेवायला कार्डही मिळतं. बायकोच्या पर्समध्ये असतं ते.

कोकणकडा

आमच्या बाबांचं कारण सांगतो, हसू नका. डॉक्टरांनी बजावलं की ह्या औषधावर दारू नको, यकृतावर ताण येतो. बाबांनी सरळ अर्थ काढला: ज्या आठवड्यात बसायचं, त्या आठवड्यात गोळी नाही. श्रावणात औषध अगदी नियमित चालतं, सांधेही झकास. गणपती झाले की दुखणं सुरू. आई ह्याला देवाची कृपा समजत होती.

मोगरा

@कोकणकडा :D :D काकांना साष्टांग. पण डॉक्टरांना सांगितलंत का हे?

कोकणकडा

सांगितलं. डॉक्टर ओरडले नाहीत. म्हणाले, बरं झालं कळलं, मी तर औषध पुरेना म्हणून दुसरं जोडणार होतो.

निशिगंध

मी ह्याच विषयातला डॉक्टर आहे. इथे कोणाचा डोस ठरवणार नाही, पण वरच्या शेवटच्या ओळीवर लिहायलाच हवं.

रुग्ण सांगत नाही, आम्ही विचारत नाही. मग तपासणीत सूज दिसते, सीआरपी (रक्तातला सूज दाखवणारा आकडा) वाढलेलं दिसतं आणि आम्ही समजतो की औषध फेल गेलं. दुसरं जोडतो, तिसरं जोडतो, मग बायोलॉजिक इंजेक्शनची (प्रतिकारशक्तीतला नेमका एखादा दुवा अडवणारी औषधं) गोष्ट निघते. त्यांचा खर्च महिन्याला हजारोंत. सुरू करण्याआधी क्षयाची तपासणीही करावी लागते, कारण शरीरात दबून राहिलेला क्षय त्यांनी जागा होऊ शकतो. एवढं सगळं, आणि मुळातलं स्वस्त औषध पोटात गेलेलंच नसतं.

रानजाई, तुमच्या आई दुखण्याची गोळी चुकवत नाहीत आणि मेथोट्रेक्सेट सोडतात, हे मी आठवड्यातून अनेकदा बघतो. त्यामागे तर्क आहे. दुखण्याची गोळी तासाभरात गुण दाखवते. मेथोट्रेक्सेटचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि सोडल्यावर त्रासही लगेच परत येत नाही. आज सोडली, उद्या छान, पुढच्या आठवड्यातही छान. माणूस अनुभवावरूनच शिकतो, आणि इथे अनुभव चुकीचं शिकवतो. सूज आतल्या आत हाड कुरतडत असते, ते एक्स-रेवर दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. पहिली दोन वर्षं ह्या बाबतीत फार मोलाची.

स्टेरॉइडची गोळी (प्रेडनिसोलोन) चालू असेल तर ती मात्र एकदम कधीही बंद करू नका. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं थांबलेलं असतं, ते पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो.

मळमळीसाठी गोळी रात्री जेवणानंतर घेणं, फॉलिक अ‍ॅसिड नीट घेणं, डोस त्याच दिवसात विभागणं, इंजेक्शन, असे बरेच मार्ग आहेत. फक्त आम्हाला कळू द्या.

शिस्तप्रिय

डॉक्टरसाहेब, म्हणजे चूक रुग्णाची नाहीच?

निशिगंध

जागतिक आरोग्य संघटनेचा २००३ चा अहवाल आहे. विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजारांत सरासरी निम्मेच रुग्ण औषधं सांगितल्याप्रमाणे घेतात. निम्मी माणसं बेशिस्त असतील असं मला वाटत नाही.

पाणकोंबडी

अवांतर, पण "कॅन्सरचं औषध" ह्यावरून. ह्या औषधामागे आपलाच एक माणूस आहे. यल्लाप्रगडा सुब्बाराव, जन्म १८९५, भीमावरमचे. अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख झाले. फॉलिक अ‍ॅसिडवर त्यांच्या चमूने काम केलं आणि मग फॉलिक अ‍ॅसिडला अडवणारी अमिनोप्टेरिन आणि मेथोट्रेक्सेट ही औषधं तिथेच तयार झाली. १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांमध्ये अमिनोप्टेरिनचा गुण दाखवून दिला. सुब्बाराव त्याच वर्षी गेले. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेटला अमेरिकेत अधिकृत मान्यता मिळायला मात्र १९८८ उजाडलं.

अबोली_सोलापूर

हे माहीत नव्हतं. पण मग सासूबाई विचारतात तो प्रश्न उरतोच, कॅन्सरचं औषध सांध्यांना कशाला?

निशिगंध

डोसात जमीन-अस्मानाचा फरक आहे. संधिवातात आठवड्याला साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम. काही कर्करोगांत तेच औषध ग्रॅमच्या हिशेबात शिरेतून देतात. संधिवातात पेशी मारणं हा हेतू नसतो, भडकलेली प्रतिकारशक्ती शांत करायची असते. हे दोन वाक्यांत सांगता येतं, आणि ओपीडीच्या गर्दीत तेवढंच राहून जातं.

वैद्य_सुनंदा

मी आयुर्वेदाची पदवीधर, प्रॅक्टिस कोल्हापूर जिल्ह्यात. ह्या धाग्यावर आपल्या बाजूचंही कोणीतरी स्पष्ट बोलायला हवं.

"इंग्लिश औषधं गरम पडतात, ती बंद करून तुमची सुरू करते" असं म्हणत येणाऱ्या बायका रोज असतात. मी बंद करू देत नाही. एरंडतेल, लंघन, शेक ह्यांचं स्थान मी मानते, पण बोटं वाकडी व्हायला लागलेल्या रुग्णाचं औषध तोडायला लावणं हे वैद्यकाच्या कोणत्याच शाखेत बसत नाही.

दुसरी गोष्ट पुड्यांची. बाजाराच्या दिवशी पाल टाकून विकतात, किंवा कोणीतरी कुठूनतरी आणून देतं. लेबल नाही, घटक लिहिलेले नाहीत. तीन दिवसांत माणूस नाचायला लागतो. इतक्या झटपट गुण आला की मी पहिल्यांदा चेहरा बघते: गोल झालाय का, अंगावर सूज आहे का, साखर वाढली का. अशा पुड्यांत स्टेरॉइड कुटून घातलेलं सापडतं. बदनाम मात्र आयुर्वेद होतो, ह्याचा मला मनापासून संताप आहे.

मोगरा

वैद्यताई, +१००. आमच्या काकूंचं अगदी हेच झालं. पुडी बंद केल्यावर अंथरुणातून उठता येईना.

चांदणवेल

हा आयडी नवीन आहे, कारण नेहमीच्या आयडीने मला घरचे ओळखतात.

लग्नाला वर्ष होत आलं. आजार लग्नाआधीपासून. आईवडिलांनी सांगितलं होतं, स्थळ मोडेल, बोलू नकोस. गोळ्या मी मेकअपच्या पाऊचमध्ये, फेस पावडरच्या रिकाम्या डबीत ठेवते. सासूबाई खोलीत असल्या की राहतात. माहेरी गेले की नियमित. सकाळी हात चालत नाहीत म्हणून अर्धा तास लवकर उठून गरम पाण्यात बोटं धरते, सगळे उठायच्या आत. कणीक मळायचं टाळते, भांडी घेते, कारण गरम पाणी मिळतं.

आता बाळाचा विषय निघालाय. मी गोळ्या सोडूनच दिल्यात, कारण वाचलं की बाळाला धोका असतो. विचारायचं कोणाला?

निशिगंध

चांदणवेल, हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत.

तुम्ही वाचलेलं खरं आहे. मेथोट्रेक्सेट गरोदरपणात चालत नाही, दिवस राहण्याच्या साधारण तीन महिने आधी ती थांबवतात. पण म्हणजे सगळीच औषधं थांबवायची असं नव्हे. ह्याच आजारावरची हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासॅलाझिन गरोदरपणातही देता येतात. आजार आटोक्यात ठेवून मूल होऊ देणं हे आमच्याकडे अगदी नेहमीचं काम आहे. पुष्कळ जणींना गरोदरपणात सांधे हलके वाटतात आणि बाळंतपणानंतर आजार उसळतो, तेव्हा हाताशी योजना हवी. लेफ्लुनोमाइड (ह्याच आजारावरचं आणखी एक औषध) घेत असाल तर ते आधी शरीरातून काढून टाकावं लागतं, म्हणून कोणत्या गोळ्या होत्या ते आठवून लिहून ठेवा. ह्या आठवड्यात तुमच्या डॉक्टरांना भेटा. तोवर दिवस राहणार नाहीत ह्याची काळजी घ्या, आणि राहिलेच असतील तर त्याच दिवशी फोन करा. नवऱ्याला बरोबर नेता आलं तर न्या.

अबोली_सोलापूर

चांदणवेल, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. माझा मुलगा सहावीत आहे. निदान आधीचं, मुलगा नंतरचा.

मोगरा

तुझ्यासाठी खूप खूप शुभेच्छा गं. पावडरची डबी वाचून पोटात कालवलं.

शिस्तप्रिय

वरची पोस्ट वाचली. गजराबद्दल बोललो होतो ते इथे लागू नाही, मान्य.

भीमाकाठ

औषध सुटण्याचं एक कारण असंही असतं की औषध मिळतच नाही. मार्च २०२० आठवा. करोनावर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालतं अशी हवा झाली, लोकांनी घरात साठे केले आणि ज्यांना ते रोज लागतं त्यांना दुकानोदुकानी "संपलं" ऐकू आलं. सरकारने निर्यात थांबवली, तरी आमच्या तालुक्यापर्यंत गोळी यायला वेळ लागला. बहिणीने असलेल्या गोळ्या पुरवायच्या म्हणून दिवसाआड घेतल्या. ती सवय पुढे तशीच राहिली, "दिवसाआडही चालतंय की" म्हणून.

आणि खेड्यात हा आजार नसतो असं कोणी समजू नये. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ पासून घरोघर जाऊन सांध्यांच्या दुखण्याची पाहणी झाली, देशातल्या पहिल्या मोठ्या पाहण्यांपैकी ती एक. रुमटॉइड दोनशे माणसांत एखाद्याला, असं त्यात दिसलं. तालुक्याच्या गावात ह्यातला डॉक्टर नाही. गोळी स्वस्त आहे, पण रक्त तपासायला आणि दाखवायला शहरात जायचं म्हणजे एसटी, दिवसाची मजुरी, बरोबर एक माणूस. फेरी चुकते, चिठ्ठी जुनी होते, दुकानदार जुन्या चिठ्ठीवर देत नाही. ह्यात रुग्णाने कुठे कंटाळा केला सांगा.

सांगलीकर_केमिस्ट

खरंय. अशांना मी सांगतो, चिठ्ठीचा फोटो डॉक्टरांच्या क्लिनिकला पाठवा आणि रक्ततपासणी गावाजवळच करून रिपोर्टही पाठवा. बरेच डॉक्टर मधल्या फेरीला तेवढं चालवून घेतात. विचारावं लागतं फक्त.

अजून एक. तापासाठी किंवा लघवीच्या जंतुसंसर्गासाठी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं आधी सांगा. कोट्रायमॉक्साझोल नावाचं प्रतिजैविक ह्याच्याबरोबर घातक ठरू शकतं.

कोकणकडा

तापावरून आठवलं. मोठा ताप आला तेव्हा डॉक्टरांनी बाबांना मेथोट्रेक्सेट थांबवायला सांगितली होती. पुन्हा कधी सुरू करायची ते आम्हीही विचारलं नाही. ती थांबली ती थांबलीच.

निशिगंध

हे फार वेळा होतं. "थांबवा" सांगताना "अमुक तारखेपासून पुन्हा सुरू" हे आम्ही लिहूनच द्यायला हवं.

रानजाई

शनिवारी साताऱ्याला जाऊन आले. अबोलीताईंनी सांगितलं तसं विचारलं. आई म्हणाली, मळमळ वगैरे काही नाही.

मग जेवणं झाल्यावर तिने स्वतःच जुनी फाईल काढली. त्यात एक रक्ताचा रिपोर्ट, लिव्हरच्या एका आकड्याभोवती पेनने गोल केलेला. तेव्हा डॉक्टरांनी डोस कमी केला होता आणि पुढच्या तपासणीत तो आकडा खालीही आला होता. दोन्ही कागद तिच्याकडेच होते. पण गोल का केला, हे तिला कोणी सांगितलं नाही. तिने त्याचा अर्थ लावला की औषधाने लिव्हर खराब होतंय, आणि सांधे बरे असले की लिव्हरला विश्रांती द्यायची. हिशेब करूनच सोडत होती ती. तपासणीची तारीख जवळ आली की महिनाभर आधी बंद, म्हणजे रिपोर्ट चांगला येईल आणि आम्ही काळजी करणार नाही.

निशिगंध, ह्यावर तिला काय सांगू?

निशिगंध

आधी सांगा की तपासणी त्यासाठीच असते. आकडा थोडा वाढला की आम्ही डोस कमी करतो किंवा काही काळ थांबवतो, आणि बहुतेकांचा तो खाली येतो. आईंच्या बाबतीत तेच झालं, दोन्ही कागद त्यांच्याच फाईलमध्ये आहेत. ते शेजारी ठेवून तारखेप्रमाणे दाखवा, पोस्टातल्या बाईंना तेवढं पुरेल.

आणि तपासणीआधी औषध बंद ठेवलं तर ते यकृताला सोसतंय की नाही, हे आम्हाला कळतच नाही. दुखण्याच्या गोळ्या सतत चालू आहेत हेही डॉक्टरांना सांगा. मूत्रपिंडावर त्यांचा ताण पडतो, त्या बघायला हव्यात. मधल्या काळात किती आठवडे औषध नव्हतं ते खरंखरं सांगा, आणि पुन्हा कितीपासून सुरू करायचं ते त्यांनाच ठरवू द्या, घरी जुन्या डोसवर परस्पर सुरू करू नका.

रानजाई

मंगळवारची वेळ घेतली आहे. आई फाईल घेऊन स्वतः बोलणार म्हणते, मी नुसती बरोबर बसायचं. प्रश्नांची यादीही तिनेच केली आहे. त्यात पहिलाच प्रश्न पाकीट उघडण्याचा आहे. केमिस्टदादा, ती सैल झाकणाची डबी कुठे मिळते?

सांगलीकर_केमिस्ट

कुठल्याही मोठ्या मेडिकलमध्ये मिळेल. आईंना स्वतः उघडून बघू दे दुकानात, मगच घ्या. मेथोट्रेक्सेट मात्र त्यात नको, ती तिच्या पाकिटातच राहू दे, वर वार लिहून. पाकीट उघडायला बोथट टोकाची कात्री.